पेशीवरची ओळखखूण : उंदरांच्या गाठी, संकर पेशी आणि एच-२ प्रतिजन

उंदराच्या अंगातली कर्करोगाची गाठ काढून तिचा बारीकसा तुकडा दुसऱ्या उंदराच्या कातडीखाली सरकवला, तर तो तिथे रुजेल की काही दिवसांत विरून जाईल, हे गाठ किती जहाल आहे यापेक्षा त्या दोन उंदरांचे आपसात नाते काय आहे यावर जास्त ठरते. त्याच वाणाच्या उंदरात ती वाढत जाऊन त्याचा जीव घेते. परक्या वाणाच्या उंदरात तीच गाठ थोडे दिवस फुगते आणि मग नाहीशी होते. हा फरक घडवणारी प्रथिने पेशीच्या बाहेरच्या आवरणावर असतात. त्यांना ऊतीजुळणीचे प्रतिजन म्हणतात. उंदरात त्यांचा सर्वांत प्रबळ संच एच-२ या नावाने ओळखला जातो. माणसातला त्याच्या जोडीचा संच म्हणजे एचएलए. मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा देण्यापूर्वी दाता आणि रुग्ण यांच्यात जी जुळणी तपासतात, ती याचीच. प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रिया रुळण्याच्या कितीतरी आधी हे प्रतिजन उंदरांच्या गाठींमुळे उजेडात आले. पुढे याच गाठींवर आणि प्रयोगशाळेत जोडलेल्या संकर पेशींवर त्यांचे वागणे तपासताना पेशीविज्ञानातले आणि कर्करोगशास्त्रातले अनेक मूलभूत प्रश्न सुटले, आणि एक मोठा वादही झाला.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोपनहेगनमध्ये कार्ल येन्सन या पशुवैद्यकाने उंदराच्या स्तनातली एक गाठ एका उंदरातून दुसऱ्यात अशी पिढ्यान्‌पिढ्या वाढवत नेली. कर्करोग प्रयोगशाळेत हवा तेव्हा हाती मिळण्याची ही सोय झाल्यावर युरोप-अमेरिकेत गाठींच्या कलमांची लाट आली. लवकरच सगळ्यांना एकच अडचण भेडसावू लागली. एका ठिकाणच्या उंदरांत हमखास वाढणारी गाठ दुसऱ्या ठिकाणच्या उंदरांत धरतच नसे. हार्वर्डमध्ये अर्नेस्ट टायझर यांनी जपानी ‘नाचऱ्या’ उंदरांतली गाठ घेतली. हे उंदीर आतल्या कानातल्या दोषामुळे स्वतःभोवती गिरक्या घेतात. त्यांची गाठ त्यांच्यात वाढे, साध्या उंदरांत वाढत नसे. दोन्हींच्या संकरातून झालेल्या पहिल्या पिढीत ती जवळपास सगळ्यांत वाढली. पण त्या पिढीच्या आपसातल्या संकरातून झालेल्या दुसऱ्या पिढीत जवळजवळ कुठेच वाढली नाही. मेंडेलच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या पिढीत निदान काही ठरावीक हिस्सा तरी गाठ स्वीकारणारा निघायला हवा होता, म्हणून ही आनुवंशिकता मेंडेलच्या चौकटीबाहेरची आहे असे वाटू लागले.

क्लॅरेन्स कुक लिटल यांनी १९१४ मध्ये त्याचा उलगडा सुचवला. गाठ रुजण्यासाठी एक नव्हे, अनेक जनुके लागतात आणि ती सगळी त्या उंदरात हजर असावी लागतात. पहिल्या पिढीत प्रत्येक जनुकाची निदान एक प्रत असतेच. दुसऱ्या पिढीत एकेक जनुक मिळण्याची शक्यता चारात तीन; जनुके जितकी जास्त, तितकी सगळी एकत्र मिळण्याची शक्यता झपाट्याने घटते. १९१६ मध्ये लिटल आणि टायझर यांनी दुसऱ्या पिढीतले १८३ उंदीर तपासले, त्यांपैकी फक्त ३ उंदरांत गाठ वाढली. बारा-चौदा जनुके धरली तर हिशेब असाच येतो. त्या काळात जनुक म्हणजे काय पदार्थ हेही कुणाला ठाऊक नव्हते, हे लक्षात घेतले की या आकडेमोडीचे मोल कळते.

हा प्रश्न पुढे नेण्यासाठी एकसारखे उंदीर हवे होते. लिटल यांनी १९०९ मध्ये सख्ख्या भावंडांचा पिढ्यान्‌पिढ्या संकर करत डीबीए हा पहिला अंतःप्रजनित वाण तयार करायला घेतला. वीसेक पिढ्या असा संकर केला की त्या वाणातले सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे होतात. एकाची कातडी दुसऱ्याला सहज चिकटते. पुढच्या काळातले प्रसिद्ध सी-५७ ब्लॅक, सी-३ एच, ए, बाल्ब-सी हे सगळे वाण याच मार्गाने आले. त्यांतल्या अनेकांचे पूर्वज मॅसॅच्युसेट्समधल्या ग्रॅनबी गावच्या ॲबी लॅथ्रॉप यांच्याकडचे. शौकिनांना उंदीर पुरवण्याचा धंदा करणाऱ्या या बाईंनी नोंदी इतक्या चोख ठेवल्या होत्या की संशोधकांना त्यांच्यावर विसंबता आले. लिटल यांनी १९२९ मध्ये मेन राज्यातल्या बार हार्बर इथे जॅक्सन प्रयोगशाळा स्थापन केली आणि अंतःप्रजनित उंदीर कर्करोग संशोधनाचा पाया बनले. मुंबईत परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. कमल रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगावर केलेले कामही अशाच उंदरांवर उभे होते.

एच-२ चा खरा शोध लंडनचा. पीटर गोरर या तरुण डॉक्टरने जे. बी. एस. हाल्डेन यांच्याकडे आनुवंशिकी शिकून घेतली होती. हाल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झाले आणि इथले नागरिक झाले. परकी गाठ नाकारली जाते ती रक्तगटांसारख्याच एखाद्या फरकामुळे असावी, असे हाल्डेन यांना वाटे. गोरर यांनी १९३६ मध्ये लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये ते तपासायला घेतले. उंदरांच्या तांबड्या पेशी सशांना टोचून त्यांचे सीरम काढले आणि त्या सीरमने वेगवेगळ्या वाणांच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या होतात का ते पाहिले. त्यातून तीन प्रतिजन वेगळे ओळखता आले. त्यांपैकी दुसऱ्या क्रमांकाचा प्रतिजन ए वाणाच्या उंदरांत ठळक होता, सी-५७ ब्लॅकमध्ये नव्हता. मग गोरर यांनी ए वाणातली एक गाठ दोन्हींच्या संकर-संततीत लावली. ज्या उंदरांत दुसरा प्रतिजन नव्हता, त्या सर्वांनी ती गाठ नाकारली. इतकेच नव्हे, गाठ नाकारलेल्या उंदरांच्या रक्तात त्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार झालेली आढळली. गाठीला दिलेला नकार हा कर्करोगाला दिलेला नकार नव्हता, परक्या पेशीला दिलेला नकार होता, ही गोष्ट १९३८ पर्यंत गोरर यांच्यापुरती स्पष्ट झाली होती. कर्करोगाविरुद्ध लस सापडल्याच्या त्याआधीच्या कितीतरी घोषणा या एका निष्कर्षाने निकालात निघाल्या. गोरर यांच्या कामाची दखल मात्र बराच काळ फारच थोड्यांनी घेतली.

तिकडे बार हार्बरला जॉर्ज स्नेल जनुकांच्या बाजूने त्याच प्रश्नाकडे निघाले होते. कलम रुजणे-नाकारणे ठरवणाऱ्या जनुकांना ऊतीजुळणीची जनुके हे नाव त्यांचेच. १९४६ मध्ये गोरर तिथे गेले आणि दोघांच्या कामाचा सांधा एका वाकड्या शेपटीने जुळला. शेपटीचे मणके जोडणाऱ्या ‘फ्यूज्ड’ नावाच्या जनुकाबरोबरच गाठ नाकारण्याचा गुण संततीत उतरतो, हे स्नेल यांना दिसले होते. गोरर यांनी आपल्या सीरमने त्याच उंदरांचे रक्त तपासले, तेव्हा त्यांचा दुसरा प्रतिजनही त्याच जागेवरून येत असल्याचे निघाले. गोरर यांच्या ‘दोन’वरून आणि स्नेल यांच्या ‘एच’वरून १९४८ मध्ये एच-२ हे नाव पडले. ही जागा उंदराच्या सतराव्या गुणसूत्रावर आहे.

स्नेल यांनी पुढे केलेले काम चिकाटीचे होते. दोन वाणांचा संकर करायचा, त्या संततीच्या आपसातल्या संकरातून झालेल्या दुसऱ्या पिढीला एका वाणाची प्राणघातक गाठ टोचायची, जी पिल्ले वाचतील ती दुसऱ्या वाणाचे ऊतीजुळणी जनुक दोन्हीकडून घेऊन आलेली असणार. मग त्यांचा पुन्हा पहिल्या वाणाशी आणि त्या संततीचा आपसात संकर करायचा, पुन्हा गाठ टोचायची. डझनावारी पिढ्या पाखडत गेल्यावर सुपात जसा निवडक दाणा उरतो, तसे पहिल्या वाणापेक्षा फक्त त्या एका जागेपुरते वेगळे असलेले उंदीर हाती उरतात. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये बार हार्बरच्या भीषण वणव्यात प्रयोगशाळा आणि तिच्यातले बहुतेक उंदीर जळून गेले. ते काम नव्याने उभारावे लागले. या उंदरांच्या आधारेच ऊतीजुळणीची जनुके बरीच असली तरी त्यांत एच-२ सर्वांत जोरकस आहे आणि ते एक जनुक नसून शेजारी-शेजारी बसलेल्या जनुकांची वस्ती आहे, हे ठरले. प्रत्येक वाणाचा एच-२ संच वेगळा आणि त्याला एकेक अक्षर: सी-५७ ब्लॅकचा ‘बी’, बाल्ब-सी आणि डीबीएचा ‘डी’, सी-३ एच आणि एकेआरचा ‘के’. स्नेल यांना १९८० चे नोबेल मिळाले. गोरर १९६१ मध्येच फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले होते आणि नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. त्या पारितोषिकात गोरर यांचा वाटा बरोबरीचा होता, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

निसर्गात उंदीर एकमेकांना कातडी दान करत नाहीत. मग ही प्रथिने कशासाठी? याचे उत्तर १९७४ मध्ये कॅनबेरामध्ये रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांना मिळाले. विषाणूने ग्रासलेल्या पेशीला मारक टी पेशी ठार करतात, पण ती पेशी आपल्याच एच-२ संचाची असेल तरच. टी पेशी नुसता विषाणू ओळखत नाही. आपल्या एच-२ प्रथिनासोबत दिसणारा विषाणूचा अंश ओळखते. १९८७ मध्ये माणसाच्या अशाच एका प्रथिनाची रचना क्ष-किरणांनी उलगडली, तेव्हा त्याच्या माथ्यावर एक खाच दिसली. तिच्यात आठ ते दहा अमिनो आम्लांचा एक तुटका पेप्टाइड बसतो. पेशीच्या आत जी प्रथिने बनतात, त्यांचे तुकडे या खाचेत बसवून बाहेर मांडले जातात आणि टी पेशी ते वाचत फिरतात. मारक टी पेशींना असे तुकडे दाखवणाऱ्या प्रथिनांना पहिल्या वर्गाची प्रथिने म्हणतात. त्या प्रत्येकाला दोन भाग असतात. वजनदार साखळी एच-२ च्या वस्तीतून येते. दुसरा, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचा छोटा भाग दुसऱ्या गुणसूत्रावरून येतो. तो नसेल तर जवळजवळ काहीच पृष्ठभागावर पोचत नाही. ही शेवटची बाब गाठींच्या बाबतीत फार महत्त्वाची ठरली.

एच-२ चे भान आल्यावर मूळ प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. उंदीर आणि गाठ दोन्ही एकाच वाणाची असतील, म्हणजे एच-२ पूर्ण जुळत असेल, तरी गाठीवर काही परके असते का? १९५७ मध्ये रिचमंड प्रेन आणि जोन मेन यांनी मिथिलकोलँथ्रीन या कर्करोगकारक रसायनाने उंदरांत गाठी उठवल्या. एक गाठ लावून, वाढली की कापून काढली, तर तो उंदीर त्याच गाठीचे पुढचे कलम नाकारत असे. वाणाची शुद्धता कमी पडली असेल ही शंका फेडण्यासाठी त्यांनी ज्या उंदरात गाठ उठली होती त्याचीच कातडी अशा उंदरांना लावून पाहिली. ती बिनतक्रार रुजली. म्हणजे परकेपणा उंदराचा नव्हता, गाठीचा होता. १९६० मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत जॉर्ज क्लाइन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ज्या उंदरात गाठ उठली तोच उंदीरसुद्धा योग्य तयारीनंतर आपलीच गाठ नाकारू शकतो. चमत्कारिक म्हणजे एकाच रसायनाने, एकाच वाणात उठवलेल्या दोन गाठींचे प्रतिजन सहसा एकमेकांशी जुळत नाहीत. ऊतीजुळणीच्या प्रतिजनांसारखाच हा भरमसाट वैविध्याचा मामला होता, आणि त्यामुळेच हे गाठीचे प्रतिजन म्हणजे एच-२ चीच बिघडलेली रूपे तर नव्हेत, असा विचार पुढे आला.

एच-२ च्या कुळातले एक प्रथिन गाठींवर खरोखरच सापडले होते. न्यूयॉर्कमध्ये लॉइड ओल्ड, एडवर्ड बॉइज आणि एलिझाबेथ स्टॉकर्ट यांनी १९६३ मध्ये टीएल नावाचा प्रतिजन नोंदवला. ए वाणाच्या उंदरांत तो थायमस ग्रंथीच्या निरोगी पेशींवरही असतो. सी-५७ ब्लॅकच्या थायमसमध्ये तो नसतो, पण त्याच वाणाच्या उंदराला ल्युकेमिया झाला की रोगट पेशींवर तो प्रकट होऊ शकतो. जनुक दोन्ही वाणांत आहे, एकात ते एरवी निजलेले असते आणि कर्करोगात जागे होते. हे जनुक एच-२ च्या अगदी लगत आहे, आणि प्रथिनाची घडणही तशीच, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनला धरून. त्याची एक खोड तर विलक्षण निघाली. टीएलविरुद्ध आधीच प्रतिपिंडे असलेल्या उंदरात टीएल असलेला ल्युकेमिया सोडला, तर तो मरायला हवा. पण तो वाढतोच. प्रतिपिंड भेटताच पेशी आपल्या पृष्ठभागावरचा टीएल काढून घेतात. त्याच पेशी पुन्हा प्रतिपिंड नसलेल्या उंदरात नेल्या की टीएल परत येतो. रोगट पेशी आपली खूण परिस्थितीनुसार बदलते, याचे इतके स्वच्छ उदाहरण त्याआधी नव्हते.

दोन वेगळ्या पेशी मिसळून एक झाली तर तिच्यावर कुणाची खूण उमटेल? १९६० मध्ये पॅरिसजवळच्या व्हिल्झ्विफमध्ये जॉर्ज बार्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पेशींचे दोन प्रकार एकत्र वाढवताना त्यांतल्या काही आपोआप एकजीव झाल्याचे पाहिले. नव्या पेशीत दोघांचीही गुणसूत्रे होती. १९६४ मध्ये जॉन लिटलफील्ड यांनी संकर पेशी वेगळ्या निवडण्याची युक्ती काढली. प्रत्येक जनक पेशीत एकेक विकर कमी. दोघींना मारणाऱ्या माध्यमात फक्त संकर तगतो, कारण तो एकाची उणीव दुसऱ्याकडून भरून काढतो. १९६५ मध्ये ऑक्सफर्डला हेन्री हॅरिस आणि जॉन वॉटकिन्स यांनी निष्क्रिय केलेल्या सेंडाई विषाणूच्या साह्याने माणसाच्या आणि उंदराच्या पेशीही जोडून दाखवल्या. हा विषाणू पेशींची आवरणे चिकटवून एक करतो, ही गोष्ट जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी आधीच दाखवली होती.

वेगळ्या एच-२ संचांच्या पेशी जोडल्यावर १९६४ मध्येच उत्तर मिळाले: संकर पेशीवर दोन्ही जनकांचे प्रतिजन असतात, कुणीही कुणाला दाबत नाही. उंदरांच्या पहिल्या पिढीत जे दिसते तेच एका पेशीत दिसले. त्याचा व्यवहारातला परिणाम असा की संकर पेशींची गाठ कोणत्याही एका जनक वाणाच्या उंदरात रुजत नाही, दोन्हींचा संकर असलेल्या उंदरातच रुजते. पुढे १९७५ मध्ये केंब्रिजला जॉर्जेस कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी बाल्ब-सीच्या मायलोमा पेशी प्रतिपिंड करणाऱ्या प्लीहा पेशींशी जोडून हायब्रिडोमा तयार केला, तेव्हा हा नियम रोजच्या कामाचा झाला. प्लीहा बाल्ब-सीची असेल तर हायब्रिडोमा बाल्ब-सी उंदराच्या पोटात वाढवता येतो. दुसऱ्या वाणाची असेल तर संकर उंदीर शोधावा लागतो.

बाल्टिमोरमधल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात लॅरी फ्राय आणि मायकेल एडिडिन यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी जवळून पाहण्यासारखा आहे. त्यांनी उंदराची पेशी आणि माणसाची पेशी सेंडाई विषाणूने जोडली. उंदराच्या एच-२ प्रतिजनांना हिरवे चमकणारे प्रतिपिंड लावले, माणसाच्या प्रतिजनांना लाल. जोडणी होताक्षणी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीचा अर्धा भाग हिरवा, अर्धा लाल दिसे. ३७ अंश तापमानाला ४० मिनिटांत दोन्ही रंग सगळ्या पृष्ठभागावर मिसळून गेले. प्रथिने तयार होणे रसायनांनी थांबवले तरी मिसळण थांबली नाही, म्हणजे नवी प्रथिने बनून ती जागा भरत नव्हती. तापमान १५ अंशांच्या खाली नेले की मिसळण जवळपास बंद. पेशीचे आवरण घट्ट कवच नसून तेलकट द्रव आहे आणि प्रथिने त्यात तरंगत सरकतात, ही कल्पना या एका निरीक्षणाने पटली. सिंगर आणि निकोलसन यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या आवरणाच्या प्रसिद्ध प्रतिकृतीला त्याचा मोठा आधार होता. आज शाळेच्या पुस्तकात छापल्या जाणाऱ्या पेशीआवरणाच्या आकृतीमागे उंदराचे एच-२ प्रतिजन आहेत, हे सहसा सांगितले जात नाही.

हॅरिस यांनी १९६९ मध्ये क्लाइन यांच्यासोबत संकर पेशींना आणखी अवघड प्रश्न विचारला. अतिशय जहाल गाठीच्या पेशी, त्यांत एरलिश यांच्या नावाने ओळखली जाणारी जुनी गाठही होती, सौम्य पेशींशी जोडल्या तर कोण वरचढ? संकर पेशी उंदरात गाठ करू शकल्या नाहीत. पण इथे एच-२ आड येत होता: गाठ झाली नाही ती जहालपणा दबल्यामुळे, की उंदराने परका प्रतिजन पाहून पेशी मारल्या म्हणून? म्हणून दोन्ही एच-२ संच असलेल्या नवजात संकर पिल्लांत, किरण देऊन त्यांची प्रतिकार यंत्रणा दुबळी करून, त्या पेशी सोडण्यात आल्या. तरीही गाठी क्वचितच झाल्या. झाल्या तेव्हा त्या पेशींनी वाटेत काही गुणसूत्रे गमावलेली असत. निरोगी पेशीच्या गुणसूत्रांत कर्करोग दाबणारे काहीतरी आहे, या विचाराला इथून बळ मिळाले. अर्बुद दाबणारी जनुके पुढे एकेक करून सापडली.

संकर पेशींनी आणखी एक गाठ सोडवली. आर-१ नावाच्या ल्युकेमियाच्या एका उपशाखेवर एच-२ आणि टीएल दोन्ही एकदमच नाहीसे झाले होते. दोन वेगळी जनुके एकदम कशी बिघडतील? ती शाखा एच-२ शाबूत असलेल्या दुसऱ्या पेशीशी जोडल्यावर हरवलेली प्रथिने परत दिसू लागली. बिघडले होते ते बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे जनुक. दुसऱ्या पेशीने तो छोटा भाग पुरवला आणि अडकून पडलेल्या वजनदार साखळ्या पृष्ठभागावर आल्या.

आता वादाकडे. १९७५ मध्ये मिलानमधून जॉर्जो परमियानी आणि इन्व्हेर्निझ्झी यांनी कळवले की बाल्ब-सीच्या काही रासायनिक गाठींचे प्रतिजन भलत्याच वाणाच्या निरोगी ऊतींशी जुळतात. त्या वाणाच्या ऊतींनी लस टोचली तर गाठीला अटकाव होतो. १९७६ मध्ये लंडनमधून फेडेरिको गॅरिडो, हिलियार्ड फेस्टनस्टाइन आणि फोल्कर शिरमाखर यांनी उंदरांच्या गाठींवर परक्या एच-२ संचाच्या खुणा आढळल्याचे सांगितले. अर्थ स्फोटक होता. एका वाणाच्या उंदराच्या जनुकसंचात सगळ्या वाणांचे एच-२ दडलेले असते आणि कर्करोगात ते जागे होते, असा तो निघत होता. टीएलचे उदाहरण समोर असल्याने ते अगदीच अशक्यही वाटत नव्हते.

शंका मात्र अनेक होत्या, आणि त्या रास्त होत्या. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या पेशी एकमेकींत मिसळतात. एका वाणाची म्हणून जपलेली पेशी प्रत्यक्षात दुसऱ्याची असू शकते. दुसरी शंका सीरमची. एका वाणाच्या पेशी दुसऱ्या वाणाच्या उंदरांना टोचून केलेल्या सीरममध्ये एच-२ विरुद्धच्या प्रतिपिंडांबरोबर ल्युकेमिया विषाणूविरुद्धची प्रतिपिंडेही असतात, आणि उंदरांच्या गाठींवर हे विषाणू भरपूर. मग सीरम चिकटले म्हणजे परका एच-२ सापडला, असे कसे म्हणायचे? जनुके वेगळी काढून वाचता येऊ लागल्यावर कोडे पुष्कळ सुटले. १९८२ मध्ये बाल्ब-सीच्या जनुकसंचात पहिल्या वर्गाची तीसहून अधिक जनुके मोजली गेली, त्यांतली बहुसंख्य टीएलच्या शेजारची. म्हणजे एच-२ सारखी प्रथिने बनवायला सामग्री भरपूर होती, पण सगळ्या वाणांचे संच एका उंदरात दडलेले नव्हते. सी-३ एच वाणाच्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या १५९१ या गाठीत सापडलेली नवीन एच-२ जनुके काही काळ फार गाजली. १९८८ मध्ये ती ‘क्यू’ संचाच्या उंदरांतल्या जनुकांशी कमालीची मिळतीजुळती निघाली, म्हणजे ती गाठच मुळात शुद्ध सी-३ एचची नसण्याची शक्यता होती. परक्या एच-२ चा सर्वसाधारण सिद्धान्त टिकला नाही. प्रेन आणि मेन यांच्या गाठींचे वैविध्य दुसरीकडून उलगडत गेले: ब्रुसेल्समध्ये थिएरी बून यांच्या गटाने १९८९ मध्ये दाखवले की गाठीतल्या एखाद्या साध्या प्रथिनात एका अमिनो आम्लाचा बदल झाला तरी तो पेप्टाइड एच-२ च्या खाचेत बसून टी पेशीला परका दिसू शकतो. एच-२ तेच, त्यातला मजकूर नवा. प्रत्येक गाठीतले बदल वेगळे, म्हणून प्रत्येक गाठीचा प्रतिजन वेगळा.

नवीन एच-२ उगवण्यापेक्षा असलेला हरवणे हेच गाठींचे खरे आणि वारंवार दिसणारे वैशिष्ट्य ठरले. एरलिश यांची गाठ वाणाची पर्वा न करता जवळजवळ कोणत्याही उंदरात वाढते, तिच्यावर एच-२ फारच क्षीण असतो. एकेआर वाणाच्या के-३६ या ल्युकेमियाच्या एका शाखेवर ‘के’ संचाचा एक मुख्य रेणू नाहीसा होता आणि ती उंदरात सहज वाढे. १९८४ मध्ये तो रेणू बनवणारे जनुक तिच्यात घातल्यावर तेच उंदीर तिला नाकारू लागले. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका गाठीत एच-२ के चे जनुक परत घातल्यावर तिचे इतरत्र पसरणे थांबले. टी पेशीला वाचायला काही उरले नाही की तिच्या डोळ्यांदेखत गाठ वाढते.

पण मग एच-२ पूर्ण टाकून देणारी गाठ अजिंक्य ठरायला हवी. तशी ती ठरत नाही, याचा सुगावा एका जुन्या विसंगतीतून लागला. ऊतीजुळणीच्या नियमाप्रमाणे संकर उंदराने जनक वाणाची गाठ स्वीकारलीच पाहिजे, कारण त्या गाठीवर त्याच्या दृष्टीने परके काहीच नाही. तरी स्नेल यांना १९५८ मध्ये काही संकर उंदीर जनकाच्या गाठीला विरोध करताना दिसले, आणि १९६४ मध्ये गुस्तावो कुडकोविच यांना अस्थिमज्जेच्या बाबतीत तेच आढळले. कॅरोलिन्स्कातले क्लास कारे यांनी त्याचा अर्थ उलटा लावला. शरीर परके असण्यावरच नव्हे, आपले नसण्यावरही हल्ला करत असेल तर? संकर उंदराला जनकाच्या पेशीवर आपला निम्मा एच-२ गैरहजर दिसतो. १९८६ मध्ये त्यांनी उंदराच्या एका लिम्फोमाची एच-२ हरवलेली शाखा आणि एच-२ शाबूत असलेली शाखा एकाच वाणाच्या उंदरांत सोडली. अल्प प्रमाणात सोडल्यावर एच-२ हरवलेल्या पेशीच नष्ट झाल्या. त्यांना मारणाऱ्या होत्या नैसर्गिक मारक पेशी, ज्यांचा शोध १९७५ मध्ये त्याच संस्थेत आणि अमेरिकेत लागला होता. १९९२ मध्ये वेन योकोयामा यांच्या गटाने या मारक पेशींवरच्या लाय-४९ या प्रथिनाचे काम ओळखले. एच-२ भेटला की ते पेशीला लगाम घालते; एच-२ नसेल तर लगाम सुटतो.

म्हणून गाठीपुढे दोन पहारे असतात. एच-२ ठेवला तर टी पेशी वाचतात, टाकला तर नैसर्गिक मारक पेशी धरतात. निसटणाऱ्या गाठी अनेकदा मधला मार्ग काढतात: काही रेणू टाकायचे, काही ठेवायचे. टास्मानियातल्या डेव्हिल या प्राण्यात चावण्यातून पसरणारा चेहऱ्याचा कर्करोग मात्र ते रेणू दडवूनच ठेवतो. त्याच्या पेशींवर ऊतीजुळणीचे रेणू जवळजवळ नसतात, पण जनुके शाबूत असतात. इंटरफेरॉन-गॅमा दिले की ते रेणू परत दिसतात, असे २०१३ मध्ये आढळले.

माणसाच्या गाठींतही हेच दिसते. १९७६ च्या वादातले गॅरिडो पुढे स्पेनमध्ये ग्रानाडाला दशकानुदशके एचएलए हरवण्याचाच अभ्यास करत राहिले आणि त्यांनी या बिघाडांचे दोन प्रकार पाडले. मऊ बिघाडात जनुक शाबूत असून नुसते दबलेले असते. इंटरफेरॉनसारख्या संदेशांनी ते पुन्हा बोलू लागते. कठीण बिघाडात जनुकच तुटलेले किंवा गेलेले असते आणि ते कुठल्याही औषधाने परत येत नाही. टी पेशींचा लगाम सोडणारी नवी औषधे सुरुवातीला लागू पडून नंतर निकामी ठरलेल्या मेलानोमाच्या एका रुग्णात २०१६ मध्ये बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे जनुक तुटलेले सापडले, म्हणजे आर-१ ल्युकेमियात जे बिघडले होते तेच. अशा रुग्णांसाठी एचएलएवर अवलंबून नसलेल्या उपायांवर, विशेषतः नैसर्गिक मारक पेशी आणि प्रतिजन थेट ओळखायला शिकवलेल्या टी पेशींवर, आता काम सुरू आहे.